निळ्या गाडीवरचं ओलं फडकं

२ मार्च १९८८
स. ड्यूटी. अडीचला घरी. बुधवार म्हणजे गाड्या पुसायचा दिवस, उद्या होळी असली तरी. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस शोकेसमधून खाली काढल्या. क्र. १, ती निळी, काचेवर ठेवली तर डुगडुगते. पुढचं उजवं चाक टेकतच नाही. काच वाकडी असेल म्हणून पाटावर ठेवली, मग फरशीवर. सगळीकडे तेच. तीस वर्षं घरात आहे, असं कधी झालं नव्हतं.

आबा ओट्यावर बसले होते. आतूनच विचारलं, गाडी कधी हातून पडली होती का तुमच्या? तर म्हणाले, "सत्रा वर्सं शेठची खरी गाडी चालवली, तिले कधी खरचटलं नही माह्या हातून. हे काय पडीन?" पुढे विचारण्यात अर्थ नव्हता.

५ मार्च
घड्याळजीकडून भिंग आणलं, दोन दिवसांच्या बोलीवर. मागच्या काचेच्या कोपऱ्यापासून खाली एक चीर. तिळाएवढी. रंगाला नाही, खालच्या धातूलाच. पत्र्याची असती तर समजलं असतं. ही ओतीव, विलायती, हातात घेतली की वजन लागतं. अशा वस्तूला बसल्या जागी चीर कशी पडते?

आबांना सांगितलं नाही. त्यांना ती दिसायची नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. येत्या थंडीत नेत्रशिबिरात जायला हो म्हणालेत, तेही मी तीन वर्षं डोकं खाल्ल्यावर. काय म्हणाले ते लिहून ठेवते, म्हणजे फिरवता येणार नाही: "डोया झाला का पयले माही गाडी पाहीन. मंग तुले."

तर थंडीपर्यंत ही चीर थांबवायची. ठरलं.

१३ मार्च, रविवार
भुसावळ. रेल्वे कॉलनीतली गोरी म्हातारी घर आवरून मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चाललीय. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मंदानं पत्ता काढून दिला होता. दुधाची गाडी मिळाली, पांढरी-निळी, मागचं दार उघडतं. क्र. ४४. चाकांचे रबर कडक झालेत, बाकी लख्ख. बंबावरचा रंग थोडा उडालाय. तसाच राहील. रंग द्यायचा नाही हा माझा नियम, आणि तो मी कोणासाठी मोडलेला नाही.

म्हातारीला विचारलं, या गाड्या कुठं ठेवल्या होत्या. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, म्हणे. भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पत्र्याची पेटी. तिथं नुसत्या भाजून निघाल्या असतील, तरी एकीलाही चीर नाही. नशीब एकेकीचं.

१४ मार्च
'बंबावरचा' लिहिलंय काल, 'बंपरवरचा' हवं. असो.

मंदा म्हणाली, "झाले का लीलाबाईंच्या डेपोत चव्वेचाळीस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची बाई खेळण्यातल्या गाड्या पुसत बसते हे ऐकून लोक हसणारच. त्यातली एखादी साड्या जमवते, एखादी सासूच्या चुका जमवते. मी गाड्या जमवते.

२० मार्च
पाडवा झाला. आबांनी ट्रंकेतून फडकं काढलं. जुन्या धोतराचं, मऊसूत. माठातल्या पाण्यात बुडवायचं, पिळायचं, क्र. १ वर पांघरायचं. वाळलं की पुन्हा. पाडव्यापासून मृगापर्यंत रोज, दिवसातून तीनदा. शेठच्या खऱ्या गाडीवर ते असंच ओलं गोणपाट टाकत, बॉनेट तापू नये म्हणून. जळगावच्या उन्हात लोखंड हाताला चटका देतं, तेव्हा गाडीला गारवा द्यायचा, हे त्यांनी मला अकराव्या वर्षी शिकवलं. त्याच वर्षी शेठची कापसाची जिन बंद झाली, शेठनी खरी निळी गाडी मोडीत काढली, आणि शेठाणीबाईंनी निरोपाला आपल्या मुलाची ही तळहाताएवढी निळी गाडी आबांच्या हातावर ठेवली. तीच बनावट, तोच रंग. म्हणाल्या, तुमच्या पोरीला. पण ती आबांचीच आहे, हे मला तेव्हाही कळलं होतं.

फडकं पांघरताना त्यांचं बोट बरोबर चिरेवरून गेलं. त्यांना कळलं नाही.

६ एप्रिल
आजचं भिंग: चीर तिळाची गव्हाएवढी झाली. छतावर आणखी एक, केसासारखी. आलेखाच्या कागदावर गाडी काढून चिरा पेन्सिलीनं उतरवल्या, तारखेसकट. आता दर बुधवारी उतरवायच्या.

उन्हाचा परिणाम. दुसरं काय असणार? पारा बेचाळीसला टेकलाय. क्र. १ शोकेसमधून हलवून माठाच्या तिवईखाली ठेवली, तिथं घरातला सगळ्यात गार कोपरा. आबा खूश. म्हणाले, "हे मले कसं सुचलं नही?"

२० एप्रिल
असोद्याहून परतलो. अक्षय्यतृतीया, आमची आखाजी, बहिणीकडे, अक्काकडे केली. खापरावरचे मांडे, रस, कडुलिंबाच्या झाडाला झोके. मी पण बसले झोक्यावर, पोरींनी ओढूनच बसवलं. आबा खाटेवरून माझ्या भाच्यांना गाडीच्या गोष्टी सांगत होते: शेठाणीबाईंना रात्रीतून मुंबईला नेलं, वाटेत कसारा घाटात ब्रेक गेले तरी पोटातलं पाणी हललं नाही. ही गोष्ट दरवर्षी थोडी लांबते.

अक्काला चिरेचं सांगितलं, विहिरीवर, हळू आवाजात. अक्का म्हणाली, "रंग मारून टाक वं वरून. आबाले काय दिसू राह्यलं?" मी म्हटलं, थंडीत दिसेल. म्हणाली, "तवाचं तवा पाहू." अक्काचं सगळं असंच, आणि तिचं सगळं नीट होतं.

निघताना आबांनी तिला बजावलं, दिवाळीनंतर माझा डोळा होणार आहे, कोंबडीच्या अंड्यांची सोय करून ठेव.

४ मे
पारा पंचेचाळीस. नवा कूलर आणला, वाळ्याच्या ताट्यांचा. आबांना म्हटलं तुमच्यासाठी. खरं म्हणजे दोघांसाठी, आबांच्या आणि गाडीच्या. क्र. १ आता कूलरच्या तोंडासमोर स्टुलावर. वर ओलं फडकं. संध्याकाळी हात लावला तर विहिरीतल्या दगडासारखी गार.

आलेख: मागची चीर मागच्या मडगार्डपर्यंत पोचली. छतावरची तिला जाऊन मिळाली. दरवाज्याखाली एक फुगीर टेकाड, रंग वर उचललाय. चाक आता कागदाच्या दोन घड्या खाली जातील एवढं वर. मी जितकी काळजी घेते तितकी ती वेगानं जाते. माझी चिडचिड होते. कोणावर, ते कळत नाही.

११ मे
मंदाला सगळं सांगितलं. हसली नाही. तिच्या माहेरी, धुळ्याला, शेजारी एक ओतारी आहेत, सगळे नाना म्हणतात. पितळ, जस्त ओततात, नळाच्या तोट्या करतात. रविवारी जायचं. आबांना सांगितलं, मंदाच्या आईला बघायला चालले.

१५ मे
धुळे. सकाळची गाडी, एरंडोल, पारोळा, साडेदहाला स्टँड. क्र. १ रुमालात, रुमाल डब्यात, डबा मांडीवर. शेजारचा विचारत होता, पेढे का?

नाना सत्तरीचे. भट्टी बंद होती. गाडी हातात घेऊन त्यांनी आधी वजन पाहिलं, मग कानाशी धरून नखानं वाजवली. कानस उचलली तेव्हा मी त्यांचा हात धरला. हसले. पोटाकडच्या बाजूला, जिथं दिसणार नाही तिथं, एकदाच कानस घासली.

"ताई, हाई जस्त शे. ओतानी येळे शिसं मझार ऱ्हायी गयं. बठ्ठं मझारथीन फुगी ऱ्हायनं."

म्हणजे जस्तात शिसं राहिलं, फुगतंय ते आतूनच. ओतलं त्या दिवसापासून दोष आतच आहे. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर त्यांच्याकडे असेच फुगून, फुटून येतात म्हणाले. शेल्फावरून एक काढून दाखवला, हाताच्या दाबानं त्याचा तुकडा पडला. औषध? "औषध नही. सुकी ठेवा. पानी दखाडू नका इले. वल लागनी का लवकर फुटस."

त्यांनीच विचारलं, "पानी लागे का?"

सांगितलं. दर उन्हाळ्यात. ओलं फडकं. तीस वर्षं. दहा दिवसांपासून कूलर.

नानांनी गाडी उलटीपालटी करून पाहिली. "मंग इतला दिन टिकनी, हाईच नवल शे," म्हणाले. सुनेला हाक मारून मला ताक दिलं. काही घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत रडले. खिडकीकडे तोंड करून. भुसावळच्या म्हातारीची पत्र्याची पेटी आठवली. तिच्या कोरड्या होत्या, एवढंच. नशीब कसलं आलंय. मला आबांचा राग आला, आणि त्याहून माझा. अकराव्या वर्षापासून जे शिकवलं ते मी कधी तपासून पाहिलंच नाही. कूलर तर मीच आणला.

१६ मे
सकाळी उठले तर आबा माठाशी. फडकं बुडवत होते. मला म्हणाले, "काल दिवसभर तू नव्हती, मले वाटलं गाडी तहानली असीन." गाडी माझ्याच डब्यात होती, हे त्यांना माहीत नाही. ओलं फडकं रिकाम्या स्टुलावर पसरलं होतं त्यांनी.

म्हटलं, आज मी पांघरते, तुम्ही बसा. फडकं मोरीत नेऊन दांडीवर टाकलं. क्र. १ कपाटात, साड्यांच्या घडीत.

१८ मे
डोकं चालेनासं झालंय. स्टँडमागं रिक्षा रंगवतो त्याच्याकडे गेले. चीर भरायला पुट्टी, वर रंग. त्यानं तासाभरात तोच निळा जुळवून दिला. इतका तोच की अंगावर काटा आला. एवढीशी डबी. घरी आणून टेबलावर ठेवली. बाजूला ब्रश. बाजूला गाडी.

म्हटलं, आबांना थंडीत दृष्टी येईल, गाडी अखंड दिसेल, त्यांच्या फडक्यावर दोष येणार नाही, कोणाचं काही बिघडणार नाही. ब्रश बुडवला पण. मग वाटलं, पुढच्या पाडव्याला ते पुन्हा ओलं फडकं काढतील. तेव्हा काय सांगू? आणि सांगितलं नाही तर मी बघत राहायचं?

ब्रश धुतला. डबीचं झाकण ठोकून लावलं.

२५ मे, बुधवार
सांगितलं.

दुपारी ते माठाजवळ बसले होते, हात पाण्यात. मी मनगट धरलं. म्हटलं, आबा, पाण्यानंच होतंय हे. "काय व्हतंय?" मग पहिल्यापासून सगळं. चाक, चिरा, नाना, कार्बोरेटर. दोष ओततानाच आत राहिला होता, हे तीन वेळा सांगितलं. तुमच्या हातात ती आली त्याआधीपासून ती आजारी होती, असं म्हटलं. त्यांनी पाणी तेवढंच ऐकलं.

"तीस वर्सं," म्हणाले. हात धोतराला पुसले. पुन्हा पुसले. "आन इकडं."

दिली. चिरेवर त्यांचं बोट मी नेऊन ठेवलं. एवढी मोठी चीर झालीय आता, बोटालाही लागते. लागली.

गाडी मला परत दिली आणि ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी जेवले नाहीत.

१ जून
शोकेसकडे फिरकत नाहीत. फडकं खिळ्याला कोरडं. अंगणातली दोन्ही मोगऱ्याची झाडं मात्र दिवसातून चारदा पाणी पितात.

सकाळी सहज म्हटलं, नोव्हेंबरात शिबिर लागेल, रक्तदाब आत्तापासून तपासून ठेवू. "मले नही करनं ऑपरेशन." का? "आता पाह्याले काय राह्यलं?" मी म्हटलं, मी आहे की पाहायला. तर म्हणाले, "तुले आवाजावरून वयखतो." मी म्हटलं, ओढून नेईन. "तुह्या गाड्यायले ने."

म्हणजे खरं बोलून मी हे मिळवलं. गाडी तर जातेच आहे, डोळेही गेले. डबीतल्या रंगाचा विचार आला पुन्हा. पण नाही. सांगितलं ते बरोबरच होतं, आता पुढचंही बरोबर करायचं. गाडी उभी ठेवायची आणि आबांना शिबिराला न्यायचं, दोन्ही. मी त्यांचीच मुलगी आहे. हट्ट करायला मलाही येतो.

८ जून
बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा रिकामा केला. तळाशी चुनकळी, पातळ कापडात बांधून, म्हणजे भुकटी उडणार नाही. त्यावर लाकडी फळी, फळीवर क्र. १, मऊ कागदाच्या उशीवर. चुना हवेतली ओल पितो, पानवाल्यालाही माहीत आहे. मला ते सुचायला धुळ्याला जावं लागलं. बाकीच्यांनाही भिंगाखाली घातलं: त्रेचाळीस ठणठणीत. रोग एकटीलाच.

कूलर आबांच्या खोलीत. गाड्यांच्या खोलीचं दार बंद.

२९ जून
मृग कोरडा गेला, आर्द्रा झोडपतेय. भिंतीला ओल, मीठ पाणी सुटून डब्यात बसलंय. चुनकळी आठवडा टिकेल वाटलं होतं, चौथ्या दिवशी पीठ. झाकणातून हवा शिरते. कणीक लावून पाहिली, मुंग्या आल्या. मेण लावलं, दर बुधवारी खरवडून काढताना डबा हलतो, गाडीला धक्का बसतो. काहीतरी दुसरं पाहिजे. काय ते सुचत नाही.

आलेख: मागची चीर एका घरानं पुढे.

६ जुलै
दु. ड्यूटी होती. घरी आले तर टेबलावर, डब्याशेजारी, काळं काहीतरी. सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं. दोन बोटं रुंद. कडा वस्तऱ्यानं कापल्यासारखी सरळ. झाकणावरून ओढून बसवलं तर असं घट्ट की दोन्ही हातांनी सोडवावं लागलं.

आबा ओट्यावर. डोळ्यांनी दिसत नाही त्यांना, माप बोटांनीच घेतलं असणार. म्हणजे डब्याला हात लावला. जेवताना मी त्यांना भरीत जास्त वाढलं. तेवढं त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "बस कर. माह्यं पोट हाये, टायर नही."

२७ जुलै
तीन बुधवार चीर जागची जागी. चुनकळी आठ दिवस टिकते. मंदाला ट्यूबचं सांगितलं, ती म्हणाली, तुझ्या आबांना डेपोत नोकरी दे.

ऑपरेशनचा विषय काढला. उठून गेले.

१७ ऑगस्ट
डबा उघडला आणि पुढचं उजवं मडगार्ड कागदावर वेगळं पडलेलं. कोणी हात न लावता. इतके दिवस सांभाळली.

आबांना हाक मारली. लपवायचं नाही हे ठरलंय ना. आले. म्हटलं, तुकडा पडलाय. "कोनता?" पुढचं, उजवं.

"आन."

आधी पंच्यानं हात कोरडे केले. दोनदा. मग आणखी एकदा. तुकडा तळव्यावर घेऊन अंगठ्यानं चाचपला. मग जे बोलले ते शब्द न शब्द लिहिते:

"शेठच्या गाडीचं बी हेच मडगाड गेलं व्हतं. एरंडोलच्या पुढं. मी बैलगाडीले घासली. सकायची येळ, डोया लागला माह्या. शेठले सांगतलं बैल बुजला. त्यायनं त्या गाडीवाल्याले बोलनी मारली. मी उभा राह्यून आयकलं."

म्हटलं, मला तर सांगत होता खरचटलंही नाही.

"तुलेच कायले, समद्यायले सांगत व्हतो." तुकडा परत माझ्या हातात दिला. "चिकटवू नको. ठीव जपून."

रिकाम्या काडेपेटीत कापूस घालून ठेवला. काडेपेटी डब्यात, गाडीशेजारी. आज पहिल्यांदा डब्याचं कडं त्यांनी स्वतः चढवलं.

२१ सप्टेंबर
आता बुधवार आबांचाही. चुना ते बांधतात. भिंग माझं, हिशेब माझा, पण "किती?" हे तेच आधी विचारतात. "आहे तेवढीच" म्हटलं की मान हलवतात. दोघांच्याही लक्षात आहे की ही कायमची थांबणारी गोष्ट नाही. नानांनी सांगितलंच होतं. तरी आठवडा पदरात पडला की मला बरं वाटतं, दिवसभर.

२० ऑक्टोबर, दसरा
मला सकाळपासून धास्ती. दरवर्षी आबा शोकेसमधल्या सगळ्या गाड्या पाटावर मांडतात, ओलं हळदी-कुंकू लावतात, झेंडूची पाकळी प्रत्येकीवर, आणि क्र. १ च्या चाकाखाली लिंबू चिरतात, खऱ्या गाडीला करत तसंच. तीस दसरे तिच्या पुढच्या उजव्या चाकानं लिंबाचा रस प्यायलाय. ते चाक आणि ते मडगार्ड. हे मला ऑगस्टमध्ये का सुचलं नाही, कोण जाणे.

सांगू की नको करत होते. आबांनी आंघोळ केली, पाट मांडला, चव्वेचाळीस गाड्या ओळीनं माझ्याकडून मागून घेतल्या. मी एकेक हातात देत होते आणि ते नाव विचारत होते: दुधाची, बंबाची, टपालाची. शेवटी क्र. १.

कुंकवाच्या कुयरीत पाणी घातलं नाही. कोरडं कुंकू चिमटीत घेऊन गाड्यांच्या पुढं पाटावर एक रेघ ओढली. गाडीला कुठल्याच लावलं नाही. लिंबू अख्खंच क्र. १ च्या समोर ठेवलं, चांगलं वीतभर अंतरावर.

"आता हे तठीच राहू दे," म्हणाले. "तिनं काही चालून जायचं नही."

मी आत जाऊन डोळे पुसले आणि श्रीखंड वाढायला घेतलं. सोनं द्यायला अक्का आली होती. तिनं पाटाकडे पाहून विचारलं, "औंदा गाड्यायले कुंकू नही?" आबा म्हणाले, "त्यायले पथ्य हाये."

१० नोव्हेंबर
दिवाळीचा पाडवा. ओवाळलं आबांना. ताटात काय टाकू विचारत होते. म्हटलं, शिबिराचं हो टाका. ताटात सुपारी टाकली.

१६ नोव्हेंबर
शिबिराची जाहिरात लागली. डिसेंबरचा पहिला आठवडा. नावं द्यायची शेवटची तारीख २५, शुक्रवार. फॉर्म आणला. फॉर्मचं नाव काढलं की त्यांना खोकला येतो. अक्काला निरोप दिला, अंडी तयार ठेव. मी काही सोडत नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार
सुट्टी घेतली. चुना बदलला. भिंग लावलं. छतावर नवी चीर. दसऱ्यापासून काही नव्हतं, आज आहे. केसासारखी, मुगाच्या दाण्याएवढी लांब. कोरड्यातसुद्धा.

"किती?"

सांगितलं. नवी आहे, छतावर.

हात पुसून गाडी घेतली. खिडकीत गेले. दहाचं ऊन होतं, स्वच्छ. गाडी नाकाशी धरली, मग लांब, मग पुन्हा नाकाशी. डावा डोळा मिटून, उजवा मिटून. "कोठी हाये?" मी बोट नेऊन ठेवलं. "नही लागत बोटाले." बारीक आहे आबा. "दिसत बी नही."

एरवी मी लगेच म्हटलं असतं, डोळा करून घ्या मग दिसेल. आज तोंड बंद ठेवलं. माझ्यासाठी ते फार अवघड आहे.

पुन्हा उन्हात धरली. "वाढीन?"

माहीत नाही, म्हटलं. वाढेल बहुतेक. कधी ते सांगता येत नाही.

"हां," म्हणाले.

गाडी स्वतः नेऊन कागदाच्या उशीवर ठेवली. काडेपेटी शेजारी सरळ केली. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "कागद दे तो."

फॉर्म दिला. पेनही दिलं. पेन त्यांनी परत केलं. फॉर्मवर हात फिरवला, चार घड्या घातल्या, आणि डब्यात, गाडीच्या पुढं उभा करून ठेवला. झाकण लावलं. ट्यूबचं कडं चढवलं, चारी बाजूंनी चाचपून.

"अठी कोरडा राहीन," म्हणाले. "सुक्करवारपावतर."

सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मंदाला फोन करून शुक्रवारची ड्यूटी बदलून घेतली. या आठवड्यात डबा दोनदा उघडायचा.